अनितानं बसवलेली गाठ

झुंबरबाईंची अनिता आठवीत माझी विद्यार्थिनी होती. इंदुरी गावात त्यांची थोडी भातशेती. नवरा लवकर गेला, झुंबरबाईंनी एकटीनं शेत केलं आणि पोरीला शिकवलं. बीएस्सी होऊन अनिता पुण्याला एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून लागली. ती तिथं नेमकं काय करते, हे विचारायला एका रविवारी मीच घरी गेलो.

तिनं वहीत एक लांब धागा काढला. "सर, हे प्रथिन. चेतापेशीला 'वाढ' म्हणून निरोप देणारं." धाग्यावर तिनं सहा ठिपके दिले. हे सिस्टीन, धाग्यातले गंधक असलेले दुवे. दोन-दोन सिस्टीन गंधकाच्या बंधानं एकमेकांना धरतात, असे तीन जोड. दोन जोडांचं मिळून एक कडं होतं आणि तिसरा जोड त्या कड्यातून आरपार जातो.

"हीच सिस्टीन गाठ. ती बसली की आकार पक्का. मग अशी दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि पेशीच्या अंगावरचे निरोप घेणारे दोन ग्राहक जवळ आणतात. ते जवळ आले की निरोप आत जातो. जोड चुकले, तर पेशीला काही कळतच नाही."

झुंबरबाई भाकरी थापता थापता ऐकत होत्या. साखरेच्या आजारानं त्यांच्या तळपायांची जाणीव गेलेली. "ह्यानं माझं पाय बरं व्हतील का गं?"

"न्हाई आये. त्याचं औषध व्हायला लय वेळ हाय, व्हईल का तेबी ठावं न्हाई. आदी ते नीट बनवता तर आलं पायजे."

आणि तेच जमत नव्हतं. जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या प्रथिनाच्या नुसत्या गुठळ्या व्हायच्या. त्या विरघळवून पुन्हा घडी बसवायला जावं, तर सिस्टीन भलत्याच जोडीदाराला धरायचे. दीड वर्ष असंच गेलं. काम बंद करायची भाषा सुरू झाली.

अनितानं जुने शोधनिबंध काढून वाचले. शरीरात हे प्रथिन आधी लांब बनतं आणि त्याचा पुढचा तुकडा नंतर कापला जातो. तोच तुकडा घडी बसायला मदत करतो. बैठकीत ती उठून म्हणाली, "आपण तुकड्यासकट बनवू. गाठ बसली की मग कापू."

एक वरिष्ठ शास्त्रज्ञ म्हणाले, "तंत्रज्ञांनी फक्त सांगितलेलं काम करावं." ती खाली बसली नाही. विभागप्रमुख प्रेरणा मॅडमनी विचारलं, "किती वेळ लागेल?"

"चार महिने द्या, मॅडम."

सात लागले. शीतखोलीत स्वेटर घालून ती द्रावण थेंबाथेंबानं सोडत उभी राहायची. बावीस वेळा फसलं. तेविसाव्या वेळचं प्रथिन तिनं पेशींवर घातलं, आणि पाचव्या दिवशी सकाळी मला फोन आला. "सर, आयेला घेऊन या."

आम्ही घोरावाडी स्टेशनावरून गाडीनं पुण्याला गेलो. अनितानं आईला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं आणि आधी प्रथिन न घातलेल्या पेशींची बशी दाखवली.

"नुसतं गोल दानं हाईत," झुंबरबाई म्हणाल्या.

मग दुसरी बशी. त्या बराच वेळ डोळा लावून बसल्या. "आगं, हितं तर फुटवं फुटल्यात! लांब लांब गेल्यात की!"

"अगदी बरोबर, आई," प्रेरणा मॅडम म्हणाल्या. "निरोप पोचला. आणि ही वाट तुमच्या मुलीनं शोधली."

ते वरिष्ठ तिथंच उभे होते. सरळ झुंबरबाईंसमोर येऊन म्हणाले, "मावशी, मी हिला गप्प बसवत होतो. चुकलंच माझं."

झुंबरबाईंनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "माझी पोरगी हाय ती. गप बसायची न्हाई."

सगळे हसले. अनिता मात्र खाली बघत हातमोजे काढत होती, कान लाल झालेले. माझाही ऊर भरून आला. इतक्या वर्षांत अनेक मुलं शिकवली, पण त्या सकाळी मी कुणाचा मास्तर आहे हे तिथल्या शिपायालाही सांगितलं.

शोधनिबंधावर पहिलं नाव अनिताचं आलं. मॅडमनीच तसं ठरवलं. पीएचडीला येणारी नवी मुलं आता शीतखोलीत तिच्याच हाताखाली शिकतात.