अर्ध्यावर थांबलेला हात

मुर्तिनिंग दमली होती. कामानं नव्हे, उपासांनी. क्लातेन गावाच्या आसपास नवरी सजवायला तिलाच बोलावत, आणि नवरी सजवणारीनं आधी नुसत्या पांढऱ्या भातावर आणि पाण्यावर दिवस काढायचे, ही रीत. संसार नीट चालावा म्हणून. मुर्तिनिंग ती रीत जरा जास्तच कडक पाळायची, कारण तिला एक गोष्ट झाकायची होती. नवरीच्या कपाळावर काळ्या लेपाची नक्षी काढायला वाकली, की कधीकधी तिचं काळीज एकदम उधळायचं. गळ्यापर्यंत ठोके यायचे. मग जसं सुरू झालं तसंच पटकन बंद. तिला वाटे, उपासात कसर राहिली. म्हणून पुढच्या लग्नाला उपास आणखी वाढवायचा. त्यानं धडधड वाढतच जायची. पण हे तिला सांगणार कोण? बाकीची मंडळी लग्नाच्या पंगतीत बसलेली.

विनार्तीच्या लग्नात मात्र झाकपाक जमली नाही. कपाळावरच्या नक्षीतली मधली पाकळी झाली, उजवीकडची निम्मी झाली आणि मुर्तिनिंगचा हात थांबला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती नवरीच्याच मांडीवर कोसळली. नक्षी मुर्तिनिंगच्या हाताखालच्या भाचीनं कशीबशी पुरी केली.

वर्षाच्या आत विनार्ती माहेरी परतली. नवऱ्याला जुगाराचा नाद होता हे उघड होतं, पण पुरुषाच्या नादाची चर्चा करण्यापेक्षा बाईच्या अपशकुनाची करण्यात गावाला गोडी जास्त. "पोरगीच अवलक्षणी. सजवणारीला कळलं, म्हणून तर हात थांबला!" विनार्तीची आई यू सार्नी, तीही हेच म्हणू लागली. स्वतःची आमंत्रणं आटली याचं मुर्तिनिंगला फार वाटलं नाही. त्या पोरीकडे बघवत नव्हतं.

म्हणून ती तपासून घ्यायला निघाली, पण गावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत धडधड थांबलेली असायची. कागदावर सरळ ठोके, आणि वर सल्ला, गॅस आहे, काळजी कमी करा. शेवटी योग्या शहरातल्या मोठ्या इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"बू, काहींच्या हृदयात विजेला जन्मतःच एक जादा वाट असते," आई म्हणावं तसं ‘बू’ म्हणत त्या म्हणाल्या. "वीज तिथं शिरली की गरगर फिरत राहते. मांडीच्या शिरेतून बारीक तारा आत नेऊ आणि ती धडधड मुद्दाम जागी करू. जागी झाली की वाट सापडेल. ती तेवढी जाळून टाकायची."

"आणि जागी नाही झाली तर?"

"तर जाळायचं काय? घरी पाठवू."

म्हणजे धडधड आली नाही, तर गावाचंच बोलणं खरं. मुर्तिनिंगला एवढं पुरेसं कळलं.

"जन्मभर तिला जा जा म्हणालीस," ठरल्या दिवशी तिला आत नेताना नवरा दर्सोनो म्हणाला. "आता जरा ये म्हण."

"तुम्हीच म्हणा. माझं ऐकतेय कधी ती?"

आत गारठा होता. मांडीशी सुई टोचून जागा बधिर केली, पण मुर्तिनिंग जागीच होती. तारांतून डॉक्टरीणबाई हृदयाला डिवचत होत्या. ठोके पळायचे, पुन्हा शहाण्यासारखे चालायचे. पुन्हा डिवचलं. पुन्हा तेच. पाठ दुखायला लागली, तोंडाला कोरड पडली. एवढी वर्षं भर मांडवात लाज काढणारी आज बोलावल्यावर दडून बसली, याचा मुर्तिनिंगला मनस्वी राग आला आणि मग रडूच आलं.

"थकलात?"

"थकले. पण थांबू नका."

मग सलाईनमधून एक औषध सोडलं. अंग थरथरलं, छातीत गरम झालं. पुन्हा एकदा डिवचलं, आणि ती आली. तीच. गळ्यात ठोके, कानांत ठोके.

"हीच!" मुर्तिनिंग ओरडली. "हीच ती! लिहून घ्या कुणीतरी!"

"पडद्यावर दिसतेय, बू. हलू नका." डॉक्टरीणबाईंनी धडधड थोपवली, वाट शोधली आणि जाळली. मग पुन्हा किती डिवचलं, तरी ती आली नाही.

"म्हणजे उपासाचा काही संबंध नव्हता?"

"उपाशी राहून उलट जास्त आली असेल. जेवत जा."

मुर्तिनिंग छताकडे बघत राहिली. केवढा भात कोरडा गिळला होता तिनं!

मांडीची पट्टी सुटून पाय मोकळा झाल्यावर ती आधी विनार्तीकडे गेली. विनार्ती अंगणात टेम्पे, आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळत होती. मुर्तिनिंगनं सगळं सांगितलं, जादा वाट, तारा, जाळणं. "दोष माझ्या छातीत होता, पोरी. तुझ्यात काही नव्हतं."

विनार्तीनं झारा खाली ठेवला. गावातल्या पोरींसारखीच तीही मुर्तिनिंगला ‘बुडे’, मोठी मावशी, म्हणे.

"मला ठाऊक होतं, बुडे. पण आईला नव्हतं. गेल्या पावसाळ्यात गेली ती. जाताना म्हणाली, माझ्या पोटी अशी कशी निपजलीस." तिनं विस्तव विझवला. "मला नका सांगू. तिला सांगा."

दोघी फुलं घेऊन कबरस्तानात गेल्या. मुर्तिनिंग कबरीशी बसली. कुणी ऐकलं तर काय म्हणेल, हे तिच्या मनात येऊन गेलं.

"यू सार्नी," ती म्हणाली, "तुझी पोर अवलक्षणी नाही. माझ्या हृदयात खोट होती. डॉक्टरनी पडद्यावर पाहिली."

विनार्तीनं डोळे पुसले.

"पुन्हा एकदा सांगा, बुडे. जरा मोठ्यानं. शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."