बेनीचं लग्न आणि फुकटच्या चिप्स

कतारला माणूस चार पैसे साठवायला येतो. आमच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या फ्लॅटमध्ये मात्र पैशांपेक्षा किस्सेच भराभर साठले. बरं, किश्शांना विमानात वजनाची अट नाही, म्हणून सगळे सोबत घेऊन परत आलो!

फ्लॅटमध्ये आम्ही तिघं. मी एका साइटवर स्टोअरकीपर. वसईचा बेनी हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन, वय अडतीस, लग्न व्हायचं होतं. आणि माणदेशातले शिंदे अण्णा, ट्रेलर ड्रायव्हर. दोन हजार तीन-चार साल असेल. बेनीनं सेकंडहँड कंप्युटर आणला आणि ऑनलाइन पोकर शिकायला घेतलं. लिमिट होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते, मधे पाच पत्ते सगळ्यांचे, आणि बोली वाढवायची तर ठरलेल्या मापानंच. दमदाटीला जागा नाही. पैसे लावून खेळणं तिथे गुन्हा, आणि आमची तेवढी छातीही नव्हती. कंप्युटर देईल त्या फुकटच्या चिप्सवर आमचा कारभार.

तरी धोका होताच. बेनीचं लीनाशी जमत आलं होतं. लीना त्याच्याच हॉस्पिटलात नर्स होती. तिचे अंकल मदिनत खलीफा भागात राहायचे आणि होकार त्यांच्या हातात होता. त्यांची अट एकच: "पत्त्याला हात लावणारा पोरगा नको!" लीनाच्या वडिलांनी मटक्यापायी वसईची वाडी घालवली होती, त्यामुळे अंकलपुढे 'फुकटच्या चिप्स' वगैरे काही चाललं नसतं. कळलं की लग्न खलास. बेनीचा लीनावर खरंच जीव होता. मग खेळायचं कशाला? हा प्रश्न आम्ही दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, एकमेकांना विचारायचो आणि खुर्च्या ओढून बसायचो.

*

नवशिक्यासाठी पहिला नियम: बहुतेक पत्ते टाकून द्यायचे. चांगले येईपर्यंत गप्प बसायचं. बेनीनं हा नियम अण्णांना तीनदा समजावला. अण्णा प्रत्येक डाव खेळायचे.

"अण्णा, सत्ती-दुर्री आहे. टाका की!"

"आरं, दारात आल्यात. पाव्हण्याला च्या न पाजता लावू व्हय माघारी?"

म्हणून पहिल्या फेरीत अण्णा प्रत्येक पत्त्याला चहा पाजायचे, म्हणजे समोरच्याच्या बोलीइतक्या चिप्स भरून कॉल करायचे. पुढे पुढे चहा घेतलेला पाहुणा जेवायलाही थांबायला लागला. तासाभरात अण्णांच्या चिप्स संपायच्या. वर म्हणायचे, "जाऊ दे. कुणी उपाशी तर गेलं न्हाई!"

*

बेनी दर लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, काहीतरी सोडायचा. एका वर्षी मटण, एका वर्षी सिगारेट. त्या वर्षी त्यानं रेज सोडली! ईस्टरपर्यंत बोली वाढवायची नाही, फक्त कॉल.

आणि नेमके हातात आले दोन एक्के. होल्डेममध्ये याच्यावर पत्ता नाही. नियम सांगतो, डोळे मिटून रेज करा. बेनी कपाळाला हात लावून बसला. स्क्रीनवर वेळ संपत चालली. कॉल करावा तर जीव जातो, रेज करावी तर व्रत जातं.

अण्णांना ते बघवेना. त्यांनी बेनीच्या हातातला माऊस ओढून घेतला. "सर बाजूला! मी हिंदू हाय, मी मारतो रेज!"

डाव हरलो. बेनी म्हणाला, "बघितलं? वरून सगळं दिसतं."

*

दुसरा नियम पोझिशनचा. जो शेवटी बोलतो तो फायद्यात, कारण आधीच्यांनी काय केलं ते त्याला दिसतं. पहिल्या जागेवर बसलेल्यानं फार जपून खेळावं. मला हे इतकं पटलं की मी ते थेट साइट मीटिंगमध्ये वापरलं.

मॅनेजरनं विचारलं, "या शुक्रवारी कोण येणार?" मी मुद्दाम शेवटच्या खुर्चीवर. पहिल्याचं पोट दुखत होतं. दुसऱ्याच्या बायकोचं विमान येणार होतं. तिसऱ्याची गाडी बंद. चौथ्यानं तर चुलत सासरा मारला. माझी पाळी आली तेव्हा एकही कारण शिल्लक नव्हतं!

मॅनेजर आभार मानून म्हणाला, "शुक्रान, यू आर अ गुड मॅन." शुक्रवारी मी एकटा सिमेंटच्या गोणी सांभाळत बसलो. पोझिशन उत्तम होती, पत्तेच नव्हते.

*

इंटरनेट फोनच्या लाइनवर चालायचं. बाहेरून फोन आला की कनेक्शन तुटायचं आणि आपला डाव आपोआप पॅक. अण्णांच्या मंडळी गावाकडून हटकून चांगल्या डावातच फोन करायच्या. एकदा त्यांनी आमचा जिंकत आलेला फुल हाऊस मोडला. अण्णा फोनवर ओरडले, "अगं, राजं तीन होतं!"

पुढच्या शुक्रवारी फोन आला. पलीकडून घाबरा आवाज: "राजं असतील तर ठिवते. पर म्हशीला रेडकू झालंय!"

*

आणि मग तो शुक्रवार. दुपारची वेळ. बेल वाजली. दारात लीनाचे अंकल आणि आंटी, मासच्या प्रार्थनेहून परस्पर आलेले, न सांगता! लीना ड्युटीवर होती. कंप्युटरवर डाव चालू. अण्णांनी चपळाई करून स्क्रीनवरची पोकरची खिडकी खाली दडवली.

चहा झाला. अंकल वसईच्या पाण्याविषयी बोलत होते, बेनी 'हो, हो' करत घाम पुसत होता. तेवढ्यात कंप्युटर वाजला. टिंग! आपली पाळी आली की तो असाच वाजायचा.

"काय ते?" अंकलनी विचारलं.

"हॉस्पिटलचं," बेनी म्हणाला. "एक्स-रे येतात."

"मग बघ ना बाबा," आंटी कळवळल्या, "पेशंट खोळंबला असेल!"

टिंग! टिंग! बेनी जागचा हलेना. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी अंकल स्वतःच उठले, कंप्युटरपुढे गेले आणि त्यांनी खिडकी उघडली. हिरवं टेबल, आपले दोन्ही पत्ते लख्ख.

अंकल स्क्रीनजवळ वाकले आणि एकदम कडाडले, "गुलाम-चौकी? आणि तीही पहिल्या जागेवरून? लिमिटला असले पत्ते कोण खेळतं रे?"

आंटींनी कप खाली ठेवला. "अहो," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्हाला हे कसं ठाऊक?"

अंकलनी स्क्रीनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग बेनीच्या खांद्यावर हात ठेवला.

"जावई, तुम्हीच सांगा हो हिला, एक्स-रे आहे म्हणून!"