राजपुत्राला नापास करणाऱ्या बाई

मास्तरीणबाईंनी राजपुत्राला नापास केले तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे दाढी करीत होतो. पलीकडच्या ओसरीवरून त्यांचा आवाज आला, "नाई बाप्पा, याले मी पास नाई करत. घोडा जादूचा, तलवार जादूची, टोपी घातली का दिसत नाई. मंग यानं सोता काय केलं? पास कराचं असन तं घोड्याले करा." त्यावर माझी बायको अशी काही हसली की माझ्या हनुवटीला ब्लेड लागले. लग्नाला आमच्या वर्ष होत आले होते आणि तिचे ते हसणे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

ही ऐंशीनंतरच्या वर्षांतली आरमोरीची गोष्ट. मी मूळचा राजुऱ्याचा, पंचायत समितीत कारकून म्हणून आरमोरीला आलो आणि एका लांबलचक कौलारू घराचा अर्धा भाग भाड्याने घेतला. उरलेल्या अर्ध्यात मास्तरीणबाई राहत. मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेलीच नव्हती. इकडची फोडणी तिकडे जाई आणि तिकडचे बोलणे इकडे येई. बाईंनी उभी नोकरी धानोरा, एटापल्लीकडच्या जंगलातल्या शाळांमध्ये केली होती. नवरा लवकर वारला, मुलगा घुग्घुसच्या कोळसा खाणीत लागला, आणि बाई निवृत्त होऊन आरमोरीला येऊन कादंबऱ्या वाचू लागल्या. ओसरीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली एक आरामखुर्ची, आणि खुर्चीत पांढऱ्या केसांच्या, दोऱ्याने चष्मा बांधलेल्या बाई. गावाला हे दृश्य इतके ओळखीचे होते की खुर्ची रिकामी दिसली तर लोक तब्येतीची चौकशी करीत.

त्या वाचायच्या ते काही समाजसुधारणेचे नव्हे. जुन्या हवेल्या, बंद खोल्या, पाण्याखालची राज्ये, थंड हवेच्या गावी प्रेमात पडणारे डॉक्टर, असला सगळा माल. वाचनालयात नवीन काही आले की ग्रंथपाल आधी बाईंकडे पाठवी, कारण बाकीचे वाचक 'बाईंनी काय म्हटलं' हे विचारल्याशिवाय पुस्तकाला हात लावत नसत. आणि बाई पुस्तक चांगले की वाईट असे कधी सांगतच नसत. त्या पात्रांचा निकाल लावीत. अमुक पास, तमुक नापास. प्रेमकथांचे नायक त्यांच्याकडे बहुतेक करून ढकलपास होत. "याच्यात काई दम नाई," त्या म्हणत, "पण पोरीचं मन बसलं ना त्याच्यावर. तिच्याकडं पाहून ढकललं वरच्या वर्गात."

माझी बायको सुमन दहावीपर्यंत शिकलेली, वैरागडकडची. माझ्याशी ती फार थोडे बोले. "जेवता काय?", "येता काय लवकर?" आणि हो म्हणायला "हव". मी समजत होतो की तिचा स्वभावच अबोल आहे, आणि मित्रांना तसे कौतुकाने सांगतही होतो. ही अबोल बायको दुपारी पोपटीच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची टोपली घेऊन पलीकडे गेली की शेंगा सोलून झाल्या तरी परत येत नसे. सुटीच्या दिवशी मी घरात पडून ऐके. ती वाद घालायची. "नाई बाई, मले नाई पटत!" म्हणायची. मला या घरात तिला काही न पटल्याचे कधी कळलेच नव्हते. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, अंगणात तुळतुळीत सारवण करणाऱ्या एका बाईचा मला हेवा वाटू लागला, आणि तो असा की ऑफिसात फायलीवर मान घातली तरी डोक्यातून जात नसे. एखादा तरणाताठा पुरुष असता तर भांडता तरी आले असते.

बरे, बाईंमध्ये नाव ठेवायला जागा शोधावी तर तीही सापडत नसे. मीही कान देऊनच ऐकत होतो ना! भुतांबद्दल त्यांचे मत ठाम होते. "भुताले काम पाह्यजे. कोणाचं काई राह्यलं हाये, कोणाले काई सांगाचं हाये, म्हणून तं ते आलं. नुसतंच जिन्यावर उभं राहून राह्यलं, ते भूत कायचं? बिनकामाचा पाहुणा हाये." जंगलाची वर्णने आली की त्या पुस्तक मांडीवर उलटे ठेवीत. "भयाण शांतता म्हणते हा लेखक. याले एक दिवस माझ्या एटापल्लीच्या शाळेत बसवा. रातकिडे कान खातात. जंगल शांत झालं तं माणूस भ्याते, पण ते याले ठाऊकच नाई." आणि एकदा एका मोठ्या हवेलीची कथा वाचून त्या सुमनला म्हणाल्या, "एक सांग मले पोरी. भुताले पयल्यांदा मोलकरीणच काऊन सापडते? मालकीण पायऱ्या उतरून खाली येतपर्यंत ते कसं थांबते? एवढा मोठा वाडा, झाडू कोण मारते ते कुठी लिहिलं नाई. माराच्या वेळी तेवढी लेखकाले तिची आठवण येते." सुमन त्या दिवशी घरी आली ती भांडी घासताना स्वतःशीच पुटपुटत होती. मी विचारले, काय झाले? म्हणाली, "काई नाई."

बाई बोलत अशा की पुस्तकातली माणसे आरमोरीच्या बाजारात भेटलेली वाटावीत. त्यातून एकदा गंमत झाली. 'सासऱ्यानं सुनेले वरच्या खोलीत कोंडून ठेवलं, जेवण खिडकीतून देऊन राह्यला' हे बाई ओसरीवर तावातावाने सांगत होत्या आणि रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी ऐकले. संध्याकाळी पोलीस पाटील टोपी नीट करीत दारात हजर. "बाई, कोण्या गावची पोरगी हाये? नाव सांगा. आत्ताच जातो." बाईंनी त्यांना बसवले, पाणी दिले आणि कादंबरी पुढे ठेवली. "भाऊ, ते घर याच्यात हाये. तुमच्या हद्दीत नाई येत." पाटील ओशाळले, उठले, चपलेत पाय घातला आणि दारातून मागे वळून विचारले, "मंग सुटली काय थे?" बाईंनी पुन्हा पाणी आणले आणि पाटील दिवेलागणीपर्यंत ऐकत बसले. सुमन मध्ये मध्ये भर घालत होती. परक्या माणसासमोर! मी आमच्या बाजूच्या दारात उभा होतो आणि मला कोणी बस म्हटले नाही.

तेव्हा मी ठरवले की आपणही वाचायचे. वाचनालयातून डॉक्टरची एक प्रेमकथा आणली, ऑफिसच्या डब्याबरोबर नेली आणि नेटाने वाचून काढली. त्या रविवारी शेंगांच्या टोपलीशेजारी जाऊन बसलो. म्हटले, "हृदयाची तार छेडणारी, मानवी मनाचा तळ शोधणारी ही कथा आहे." दोघी शेंगा सोलायच्या थांबल्या. सुमनने पदर तोंडाला लावला. बाईंनी चष्मा वर केला आणि मायेने विचारले, "भाऊ, हे पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं हाये ना?" तिथेच लिहिले होते. मी उठून बाजारात निघून गेलो. वांगी आणली, घरात वांगी असताना.

आणि मग तो दिवस आला. मी ऑफिसातून लवकर परतलो होतो. पलीकडून बाईंचा आवाज: "नवरा साफ नापास. बायको घरात हाये का मेली, याचाही याले पत्ता नाई." आणि सुमनचा आवाज, अगदी स्पष्ट: "हव बाई. नापासच." माझ्या हातातली सायकल भिंतीला टेकवायची राहून गेली. त्यानंतर मी घरात तोंड फुगवून वावरलो. पानात लाखोळीची डाळ आली, ती बाजूला सारली. सुमनने विचारले नाही, आणि त्याने मी अधिकच पेटलो. शेवटी ती पाण्याला गेलेली पाहून मी सरळ पलीकडे गेलो आणि बाईंपुढे उभा राहिलो. "बाई, मी नापास का, तेवढे सांगा. तुम्ही दोघींनी मिळून निकाल लावलाच आहे, तर मलाही कळू द्या."

बाईंना आधी काही उमगेना. मग उमगले आणि त्यांना हसू आवरेना. "आगा भाऊ, ते कादंबरीतल्या चहाच्या मळेवाल्याचं चाललं होतं! तुमचं नाव कोणी काढलं?" मला सुटल्यासारखे झाले. मी वळलोही होतो. पण बाई हसायच्या थांबल्या होत्या. शाळेत पोराला जवळ बोलावून सांगावे तशा हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं म्हणाल तं तुमचा पेपर कोराच हाये. कोऱ्या पेपरले मी पास कशी करू आन नापास तरी कशी करू? ते पोरगी मले तुमच्याबद्दल काई सांगतच नाई. सांगाले तिच्यापाशी काई पाह्यजे ना. तुमी काई बोलता काय तिच्यासंगं?"

नापास म्हणाल्या असत्या तर मी राग धरला असता. याचे काय करावे ते मला कळले नाही. त्या दिवशी जेवताना मी सुमनला ऑफिसातल्या बड्या बाबूची हकीकत सांगायला घेतली. ती मान खाली घालून ऐकत होती. हकीकत संपली आणि ती म्हणाली, "भात वाढू काय?" मी म्हटले वाढ. असे पुष्कळ दिवस चालले. माझ्या हकीकती तिने सगळ्या ऐकल्या, नीट ऐकल्या, पण तिचे काही मला मिळाले नाही. तिचे जे काय होते ते टोपलीत घालून पलीकडे जात होते.

दिवाळीनंतर गावची मंडई, म्हणजे जत्रा, भरली त्या सुमारास बाईंचा मुलगा आला आणि त्यांना घुग्घुसला घेऊन गेला. बाईंना दम लागू लागला होता, एकटीने राहणे बरे नव्हे. खरे म्हणजे दमेकरी माणसाला त्या कोळशाच्या धुळीत नेणे हाच वेडेपणा होता, पण बाईंना मुलाचे मन मोडवेना. निघताना बाईंनी सुमनच्या गालावरून हात फिरवला. "भ्यायचं नाई. पटलं नाई तं नाई म्हणाचं. कोणासमोरही." माझ्याकडे पाहून नुसत्या हसल्या. टेम्पो वळला आणि मला मनातून आनंद झाला, हे मी लपवीत नाही. आता ती माझ्याशी बोलेल, दुसरे आहे कोण?

ती कोणाशीच बोलेना. भिंतीपलीकडे एक कृषी सहायक राहायला आला, तो दिवसभर शेतांवर आणि संध्याकाळी रेडिओ. तेव्हा माझ्या ध्यानात आले की इतके दिवस मी बायकोचे हसणे, तिचे चिडणे, तिचे 'मले नाई पटत', सगळे त्या भिंतीवरूनच तर ऐकत होतो. बाईंनी ते माझ्यापासून हिरावले म्हणून मी जळत होतो, आणि त्याच बाई ते मला ऐकवीत होत्या. आता घरात जेवता काय आणि हव एवढेच उरले. पुस्तके मात्र ती आणत राहिली, एकटीच वाचत राहिली, आणि मिटून ठेवत राहिली.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात बाई गेल्या. पुण्यानुमोदनाला आम्ही दोघे घुग्घुसला गेलो. बुद्धवंदना झाली, लोक बोलले, एका चाळिशीच्या विद्यार्थिनीने रडत रडत आपल्याला बाईंनी मारलेली छडी सांगितली. जेवणे झाल्यावर मुलगा सुमनजवळ येऊन म्हणाला, "ताई, तुमची लय आठवण काढत होती माय. शेवटी शेवटी एक कादंबरी वाचून राह्यली होती. ते डोंगरावरच्या बंगल्यात नर्स जाते, थे. अर्धीच राह्यली."

सुमनने मान हलवली.

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. मूल गावच्या स्टँडवर मी शेंगदाणे घेतले, तिने हातात धरून ठेवले. गाडी सुटली, सावली गावाच्या पुढे रस्त्याला रान लागले आणि ती एकदम बोलू लागली, खिडकीकडे तोंड करून.

"ते नर्स मालकासंगं लग्न नाई करत. तुमाले वाटलं असन का करन. मलेही वाटलं होतं. म्हातारी बिमार नसतेच, ते सोंग असते तिचं, घर विकू नाई म्हणून. नर्सले समजते. पण ते सांगत नाई कोणाले. म्हातारी मरते, मालक म्हणते राहा, आन हे किल्ल्या टेबलावर ठेवते आन निघून जाते. पायीच. काऊन गेली ते लिहिलं नाई. पण मले माहीत हाये काऊन गेली."

मी विचारले, "काऊन?"

तिने ऐकले असावे, कारण तिने उत्तर दिले. खूप मोठे, सुंदर उत्तर दिले. मध्ये ती हसली, एका ठिकाणी चिडली, "नाई, हे मले नाई पटत," असे म्हणाली आणि का पटत नाही तेही सांगितले. गडचिरोली आली, माणसे उतरली, चढली, वैनगंगेकडचा वारा आत आला, तरी तिचे बोलणे चालूच होते. इतकी वर्षे मी ज्याची वाट पाहिली ते सारे माझ्या शेजारच्या सीटवर चालले होते. फक्त तिने तोंड खिडकीकडून फिरवले नाही, आणि दर दोन वाक्यांनंतर ती "हाये ना बाई?" असे विचारत होती.

मी हूं म्हणत राहिलो. आरमोरी जवळ आली तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि डोळे कोरडे होते. बाई गेल्या होत्या, त्यांचे पुण्यानुमोदन झाले होते, आणि त्या दिवशी मला त्यांचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्या जिवंत असताना कधी वाटला नव्हता.