संघाचे बूट

सकाळी सुनेने नातीच्या बुटांना पांढरं पॉलिश लावलं, आणि त्या वासासरशी मी बहात्तर सालच्या आमच्या नगरच्या खोलीत जाऊन पोचले.

आमचे हे फास्ट बोलर. मूळचे पुणतांब्याचे, जो कारखाना नोकरी देईल त्याच्या संघाकडून खेळायचे. हा चौथा संघ. आदल्या दिवशी खांदा दुखत असतानाही कॅप्टनसाहेबांनी यांना दिवसभर बोलिंग टाकायला लावली. मॅच जिंकली, पण सकाळी यांचा उजवा हात वर होईना. मी यांचे केस विंचरत होते, तेवढ्यात साहेबच दारात आले.

"नवा बोलर घेतलाय," ते म्हणाले. "संघाचे बूट तेवढे परत द्या."

"थांबा साहेब, पॉलिश करून देतो," असं म्हणून हे डाव्या हाताने ब्रश फिरवायला लागले.

माझ्या अंगाचा भडका उडाला. त्या माणसाला दंडाला धरून बाहेर काढावंसं वाटलं. अजून वाटतं. पण त्याहून जास्त चीड येते ती माझी. कारण मी मुकाट्याने स्टोव्ह पेटवला, त्याला चहा करून दिला, आणि वर विचारलं, "साखर बरोबर आहे ना, साहेब?"