वेगळं मळलेलं पीठ

इलेक्ट्रॉनिक सिटीत मी ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, त्याच्या मालकीणबाई खाली राहतात. त्यांना मी आंटी म्हणते. मूळच्या बेळगावच्या, ख्रिश्चन, हॉस्पिटलात नर्स होत्या, आता निवृत्त. त्यांचं मराठी ऐकून मी ही जागा घेतली, असं म्हटलं तरी चालेल. मी पुण्याची. ऑफिसात दिवसभर इंग्रजी आणि हिंदी, दुकानात मोडकं कन्नड. मराठी फक्त आईच्या फोनवर, आणि तिथे बोलणं आईच करते.

पहिल्याच महिन्यात त्यांनी जिन्यातून हाक मारली, "एकटी बसून काय करालीस वर? खाली ये की." तेव्हापासून दोन वर्षं दर शनिवारी अकरा वाजता मी त्यांच्या स्वयंपाकघरात असायचे.

त्या नारळाचे टार्ट करत. छोट्या वाटीएवढे, बाहेरून मैद्याची पारी, आत ओला नारळ, साखर, अंड्याचा बलक, जायफळ. त्यांच्या आजीची कृती. चर्चमधल्या बायका घेऊन जात, ख्रिसमसला तर डबेच्या डबे. नारळ खवणं आणि सारण ढवळणं माझ्याकडे असे. पारीचं पीठ मात्र मी जाण्याआधीच मळून साच्यांत बसवलेलं असे. का, ते मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, सकाळच्या गारव्यात मळावं लागतं, ऊन चढलं की बिघडतं. मला पटलं. ओव्हनमधून पहिला निघे तो एक छोटा, कडेला चेपलेला ट्रे. तो माझा. "गरम आहेत तोवर खा," म्हणत त्या समोर बसायच्या आणि मी खाल्ल्याशिवाय मोठा ट्रे आत जात नसे. मी फारशी बोलणारी नाही, पण बघते सगळं. छोटा ट्रे नेहमी वेगळा धुतला जातो, हेही मी पाहिलं होतं. मला वाटलं होतं, हे कौतुक आहे.

त्यांनी मला कृतीही सांगितली होती. मैदा, वनस्पती तूप, चिमूटभर मीठ, बर्फाचं पाणी. मी वर माझ्या छोट्या ओव्हनमध्ये करून पाहिले तर अगदी त्यांच्यासारखे झाले. म्हणजे मी त्यांच्याकडे जे खाल्ले होते, त्यांच्यासारखे. चर्चमधल्या बायका म्हणत, तुझ्या आंटीची पारी जिभेवर ठेवली की उरतच नाही. माझ्या जिभेवर ती उरायची. मला वाटायचं, बायका वाढवून सांगतात.

या डिसेंबरात आंटींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हैसूरहून त्यांची मुलगी आली. ऑर्डरी घेऊन झाल्या होत्या, त्यामुळे टार्ट आता तिलाच करायचे होते. तिला आमचं अकराचं ठाऊक नव्हतं. तिने मला नऊलाच बोलावलं. मी गेले तेव्हा ओट्यावर दोन परातींमध्ये मैदा होता. तिने फ्रीजमधून काचेची बरणी काढली, आत पांढरंशुभ्र, घट्ट काहीतरी होतं. मी विचारलं, हे काय.

"लार्ड," ती म्हणाली. मला कळलं नसावं असं वाटून तिने सांगितलं, डुकराची चरबी कढवून गाळलेली. मग घाईघाईने म्हणाली, "तू घाबरू नकोस गं. तुझं वनस्पतीतलं आधी करून घेते, मग ह्याला हात लावते. मम्मीने बजावून सांगितलंय."

ती खरंच काळजीने बोलत होती. लाटणंसुद्धा वेगळं काढून ठेवलं होतं. मी नारळ खवायला घेतला आणि अर्ध्यावर खाली ठेवला.

आंटी आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून पडल्या होत्या. मी दारातच उभी राहिले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुलीला हाक मारून विचारलं, हिला किती वाजता बोलावलंस? त्यातच सगळं आलं.

मी म्हटलं, मला पहिल्यापासून दुसरे टार्ट देत होतात. त्या म्हणाल्या, हो. कृतीसुद्धा दुसरी दिलीत. हो. त्यांनी काही लपवायचा प्रयत्न केला नाही, त्याचा मला जास्त राग आला.

मग त्यांनी सांगितलं. मी राहायला आले त्या दिवशी आई बरोबर होती. मी बॅगा वर नेत होते तेव्हा आईने खाली त्यांचा हात धरला आणि म्हणाली, आमची मुलगी मांसमच्छी काही खात नाही, तुमच्याकडून तिच्या तोंडात जाऊ देऊ नका. आंटींनी शब्द दिला. बेळगावात त्यांच्या लहानपणी शेजारच्या मुलीने त्यांच्या घरचा टार्ट खाल्ला होता. त्यानंतर त्या घराने त्यांच्याकडचा पाण्याचा पेलाही घेतला नाही, आणि मुलीला खेळायला येऊ दिलं नाही. हे सांगताना त्या माझ्याकडे नाही, खिडकीकडे बघत होत्या.

मी म्हटलं, "आंटी, मी खाते. कॉलेजपासून खाते. सगळं."

त्यांनी खिडकीवरची नजर माझ्याकडे वळवली. "मग दोन वर्षांत एकदा बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आईचं ऐकलंत."

मला ती कृती हवी होती. खरी. पुढच्या महिन्यात मुलगी त्यांना म्हैसूरला नेणार होती, गुडघा बरा होईपर्यंत, म्हणजे किती दिवस ते कोणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, आज मला शिकवा, मुलीबरोबर उभी राहते. त्या म्हणाल्या, "आईला विचार. तिने सरी म्हटलं की शिकवते." मी सत्तावीस वर्षांची आहे, हे मी म्हटलं नाही. वर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी दोन बस बदलून कँटोन्मेंटच्या भागात गेले. चिकनच्या दुकानांत डुकराची चरबी विचारली की लोक नाही म्हणून मान हलवत होते. एकाने तर मी वेडी असल्यासारखं पाहिलं. शेवटी चर्चच्या मागच्या गल्लीत पोर्कचं दुकान सापडलं. रांगेत सगळ्या आंटीच होत्या. माझी पाळी आल्यावर मी हळूच म्हटलं, चरबी हवी. दुकानदाराने विचारलं, तळायला की केकला? केकला म्हटल्यावर त्याने बाजूचे तुकडे परत ठेवले आणि आतून दुसरे आणले. मूत्रपिंडाभोवतीची चरबी, म्हणाला, बेकिंगला हीच, हिला वास नसतो.

बारीक तुकडे, थोडं पाणी, मंद आच. तासाभराने पातेल्यात पाण्यासारखं नितळ तेल दिसू लागलं. गाळून ठेवलं, रात्रीत फ्रीजमध्ये पांढरं झालं. सोमवारी सुट्टी टाकली. प्रमाण माहीत नव्हतं, वनस्पतीचंच धरलं. पीठ हाताला ओलसर लागत होतं.

पण पारी उरली नाही. दातांना लागली आणि पानापानांनी सुटून गेली. मी ओट्यापाशी उभ्याने तीन खाल्ले. त्या बायका वाढवून सांगत नव्हत्या. दोन वर्षं मी आंटींच्या समोर बसून भलत्याच टार्टचं कौतुक करत होते आणि त्या ऐकून घेत होत्या.

आईला फोन लावला. नेहमीसारखं तीच बोलू लागली. मी मध्येच तोडून सांगितलं, काय खाल्लं ते आणि किती वर्षं खाते ते. मग ती म्हणाली, "त्या बाईनेच लावलं ना तुला हे?" मी म्हटलं, त्या बाईने दोन वर्षं तुझा शब्द पाळला. आईने फोन ठेवला.

शनिवारी मी नऊला खाली गेले, कोणी बोलावलं नव्हतं तरी. आंटी खुर्चीवर बसून मुलीला सांगत होत्या. पुन्हा दोन पराती होत्या. त्यांनी विचारलं, आईला विचारलंस? मी म्हटलं, "विचारलं नाही. सांगितलं."

"तिचा फोन आला होता मला," त्या म्हणाल्या. "रडत होती." आणि वनस्पतीची परात हळूच माझ्या बाजूला सरकवली. "मळ. आज तूच मळ की. गारव्याबिरव्याचं काही नसतं."

त्या हसल्याही थोड्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मला पिठाला हात लावायला सांगत होत्या. मी परातीकडे पाहिलं. त्यांची मुलगी पाठ फिरवून साचे पुसत राहिली. मी म्हटलं, मला ऑफिसचं काम आहे. शनिवार आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं, पण त्यांनी थांबवलं नाही.

त्या म्हैसूरला गेल्या तेव्हा मी जिन्यातून त्यांची बॅग टॅक्सीपर्यंत नेली. त्यांनी गालाला हात लावला. मी नीट निरोप दिला, तेवढं मला येतं.

माझी चरबी आता मीच आणते, कढवते. दर शनिवारी करते. पारी सुटते, पण तळाशी अजून जराशी ओली राहते. कुठे चुकतं ते त्यांना एका फोनवर विचारता येईल, पण त्या आधी आईचंच विचारतील. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. तो आईकडेही आहे.