पाठ केलेला त्रिकोण
पोरानं फळ्यावर गणित बरोबर सोडवलं की आमचे गणिताचे सर पुढं होऊन उत्तर पुसून टाकत. "उत्तर ऱ्हाऊ द्या. असं का म्हून, तेवढं सांगा." पोरगं खडू धरून उभं राही आणि सर खिडकीतून पालमकडं जाणारी एसटी बघत निवांत थांबत. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. एवढा धीर मला कवितेलाही कधी जमला नाही.

एका आठवीच्या वर्गावर त्यांचा फार जीव जडला. पोरं वजाबाकीत अडखळत आली होती, तरी ऋण गुणिले ऋण धन का, यावर सरांनी कित्येक तास घालवले. नववीत भूमिती आली. एका पोरीनं भर वर्गात सांगितलं, "सर, तुमची ही पायरी चुकायली." सर त्या दिवशी जिलबी घेऊन स्टाफरूममध्ये आले. आम्हाला वाटलं, घरी बारसं असावं. मुख्याध्यापकांकडं त्यांचं एकच मागणं होतं, "ह्या पोरांना दहावीपर्यंत माझ्याकडंच ठेवा."

ठेवलं नाही. संस्थेला निकाल हवा होता. दहावी एका नव्या सरांना गेली आणि आमच्या सरांना पाचवी मिळाली. नव्या सरांनी सिद्धता लिहून दिल्या, पोरांनी पाठ केल्या. निकाल शंभर टक्के लागला.

तीच पोरगी स्टाफरूममध्ये आमच्या सरांकडं पेढे घेऊन आली. गणितात पैकीच्या पैकी. सर हरखले. कौतुकानं त्यांनी एका कागदावर त्रिकोण काढला, आत एका बाजूला समांतर अशी रेघ मारली आणि म्हणाले, "कर बरं सिद्ध." दहावीचं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय, फक्त त्रिकोणाचं नाव पीक्यूआर. पोरीनं पी, क्यू, आर या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "सर, आमाला एबीसी होता."

"हाव माय, एबीसीच होता," असं म्हणून सरांनी पेढा तोंडात टाकला. मला तिथं बसवेना, मी घंटा नसताना वर्गावर गेलो.

पुढं नवे सर परभणीला क्लास काढून गेले आणि दहावी आमच्या सरांकडं परत आली. आता तेही सिद्धता लिहून देतात. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. पालक खूश आहेत. मी एकदा चहाला विषय काढला. "पोरं पास व्हायलीत की," एवढंच म्हणाले.

परवा माझ्या पाचवीतल्या एका चिमुरडीनं उठून घडाघडा म्हणून दाखवलं, "समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळे पायांच्या प्रमाणात असतात, म्हणून..." भिंतीपलीकडून ऐकून तिला सगळी सिद्धता पाठ झाली होती. सर नेमके दारात उभे होते. मला वाटलं, आता आत येतील, तिला काहीतरी विचारतील.

"शाब्बास," ते म्हणाले आणि पुढं निघून गेले.