श्रीधरकाकांचा खासदार

काकूंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडत होते. "गेले गं... झोपेतच. नाना उशाशीच होते," एवढंच त्या बोलल्या. खरं सांगायचं तर रडू नंतर आलं, आधी हायसं वाटलं. श्रीधरकाका गेले तेव्हा त्यांचा भाऊ जवळ होता, हेच त्या क्षणी मला फार मोठं वाटलं. आता काही आठवडे लोटलेत, तरी ते हायसं वाटणं ओसरलेलं नाही आणि त्याची मला लाजही वाटत नाही.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. मी पुण्याहून नोकरीसाठी मिशिगनला आले आणि ट्रॉयमध्ये त्यांच्या शेजारी भाड्यानं राहू लागले, इथूनच ओळख. ते मूळचे वर्ध्याचे. तरुणपणी इकडे आले, मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर म्हणून राबले आणि तिथूनच निवृत्त झाले. बोलणं तिरकस, आवाज खणखणीत, आणि राजकारणाचा विषय निघाला की चहा गार झालाच म्हणून समजा. आमच्या मतदारसंघातून वॉशिंग्टनला निवडून जाणाऱ्या गृहस्थांचं तर एकही मत काकांना पटायचं नाही. दर निवडणुकीला काका अंगणात विरोधी उमेदवाराची पाटी रोवत आणि दर वेळी तो उमेदवार पडत असे. पाटी उपटताना मला ऐकवायचे, "घ्या, आला परत तुमचा खासदार!" मी व्हिसावरची, मला इथं मतच नाही. तरी खापर माझ्या डोक्यावर.

मग काकांना कॅन्सर निघाला. फार दिवस नाहीत, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. काकांचं मागणं एकच, नानाला भेटायचंय. नाना म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, वर्ध्याच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. लग्न केलेलं नाही, एकटा जीव. मुंबईला मुलाखत झाली आणि व्हिसा नाकारला गेला. मागे बायको नाही, मुलं नाहीत, नोकरी नाही, मग हा माणूस परत कशाला येईल, अशी शंका. ज्या नानांना नागपूरलासुद्धा चार दिवस करमत नाही, त्यांच्याबद्दल! काका आधी खो खो हसले आणि मग कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मी म्हटलं, "काका, खासदारांच्या ऑफिसला सांगू या ना. अशा केसमध्ये ते हेल्प करतात."

"वेड लागलंय का तुला? ज्याच्याविरुद्ध अंगणात पाटी लावली, त्याच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

काकू स्वयंपाकघरातून कडाडल्या, "तुमचा ताठा सांभाळा आणि भाऊ राहू द्या तिकडेच!" काकांनी मुकाट्यानं कोट मागितला.

दातांच्या डॉक्टरच्या शेजारी ते छोटंसं ऑफिस होतं. टेबलापाशी बसलेल्या मुलीनं नाव आणि पत्ता विचारला. काकांना राहवेना. त्यांनी इंग्रजीत ठणकावून सांगून टाकलं, की मी तुमच्या साहेबांना कधी मत दिलेलं नाही आणि पुढेही देणार नाही. मी डोळेच मिटून घेतले. ती मुलगी मात्र हसली. "दॅट्स ओके, सर. तुम्ही याच मतदारसंघात राहता ना? मग ते तुमचेच प्रतिनिधी आहेत." परतताना घराजवळ आल्यावर काका म्हणाले, "कुणाचा माणूस, हे नाही विचारलं गं तिनं. नुसता पत्ता विचारला."

निर्णय आमच्या हातात नाही, हे त्या ऑफिसनं आधीच स्पष्ट केलं होतं. त्यांनी वकिलातीला पत्र लिहिलं, पुन्हा विचार व्हावा एवढंच. काकांच्या भाषेत खासदारानं शब्द टाकला. नाना पुन्हा मुलाखतीला गेले आणि या वेळी व्हिसा मिळाला. डेट्रॉइटच्या विमानतळावर मफलर गुंडाळलेले नाना बाहेर आले, तेव्हा व्हीलचेअरमधून काका म्हणाले, "इतका म्हातारा कधी झालास रे?" दोघंही हसत होते. रडत होते मी.

त्यानंतर थोड्याच दिवसांत निवडणूक आली. काकांची मतपत्रिका टपालानं घरी आली होती, ती ते पलंगावरच भरत बसले. नानांनी डोकावून पाहिलं आणि भडकलेच. "दादा, अरे, ज्यानं मला इथवर आणलं, त्यालाच पाडतोस?"

"त्यानं त्याचं काम केलं, मी माझं करतोय. चष्मा दे इकडे."

खासदार पुन्हा निवडून आले. दुसऱ्या दिवशी मीच ती बातमी दिली. "बरं झालं," काका पटकन बोलून गेले, आणि आपण हे काय बोललो म्हणून पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं.

काल काकांच्या खोलीत गेले, तर नाना बॅग भरत होते. काका-काकूंची मुलगी येऊन राहिली आहे, तशी काळजी नाही. तरी काकू मागे लागल्या होत्या, मीही म्हटलं, "नाना, व्हिसाची मुदत आहे अजून. तिकीट पुढे ढकलू या, निदान थंडी सरेपर्यंत राहा."

नानांनी काकांचा स्वेटर घडी करून बॅगेत ठेवला.

"नको. मुलाखतीत याच तारखेला परततो म्हणून सांगितलंय मी, आणि दादानं जाण्याआधी बजावलंय... वेळेवर जा म्हणाला. आमच्या खासदाराचा शब्द खाली पडता कामा नये."